कापलेल्या गजांचे ठिपके : लंडनच्या लोखंडी कुंपणांचं प्रकरण

लंडनच्या जुन्या वस्त्यांमधून चालताना नजर सहसा वर असते. खिडक्या, कमानी, दारावरच्या अर्धगोल काचा. या प्रकरणासाठी ती खाली न्यावी लागते. घरापुढे गुडघाभर उंचीची भिंत, तिच्यावर दगडाची सपाट पट्टी आणि त्या पट्टीत ठरावीक अंतरावर काळपट-तांबूस ठिपके. वाकून पाहिलं की कळतं, हे दगडाच्या पातळीला कापलेले लोखंडी गज आहेत. प्रत्येकाभोवती राखाडी कडं आहे, ते शिशाचं. गज बसवताना दगडात खाच खणायची, गज उभा करायचा आणि भोवती वितळलेलं शिसं ओतायचं, अशी पद्धत होती. शिसं निवलं की गज तसूभर हलत नसे. म्हणूनच काढायची वेळ आली तेव्हा उपटत बसायला कुणाला वेळ नव्हता, गॅस कटरने तो मुळाशी कापला. काही ठिकाणी खाचेत उरलेला तुकडा गंजून फुगला आहे आणि एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत दगडाला चीर गेली आहे.

हे गज दुसऱ्या महायुद्धात कापले गेले. सरकारला भंगार लोखंड हवं होतं आणि घरं, बागा, चर्च, दफनभूमी यांच्याभोवतीची कुंपणं ही शहरात उभी असलेली लोखंडाची खाणच होती. पुढे काही वर्षं लंडनचा बराच भाग कुंपणांशिवाय राहिला. मग कुंपणं परत येऊ लागली, पण जुन्या नक्षीशिवाय: कुठे लाकडी फळ्या, कुठे तारेची जाळी, कुठे आणखी काही.

कुंपणावरची नक्षी कशासाठी असते, या प्रश्नाला "शोभेसाठी" हे उत्तर तोंडावर येतं. मला ते कधीच पुरेसं वाटलेलं नाही. शोभा ही नक्षीची वरची साल आहे. लंडनमध्ये नक्षी आधी होती, मग गेली, मग तिच्याजागी साधं काहीतरी आलं, आणि या तिन्ही अवस्था एकाच पिढीने पाहिल्या. त्यामुळे ती असताना काय काम करत होती ते इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचित कुठे दिसत असेल.

दोन दरवाजे, एक कठडा

आधी कठड्याची जागा समजून घेऊ. अठराव्या शतकात लंडनमध्ये एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. घराच्या तळघरात स्वयंपाकघर आणि नोकरांच्या कामाच्या खोल्या असत. त्यांना उजेड आणि हवा मिळावी म्हणून घर आणि फुटपाथ यांच्यामध्ये एक खोल चर सोडलेला असे. त्याला तिथे नुसतं 'एरिया' म्हणत. चराच्या पलीकडे, फुटपाथच्या पोटात कोळशाचं कोठार. फुटपाथवर लोखंडाचं एक गोल झाकण. कोळसेवाला ते उघडून वरूनच कोळसा ओतायचा, घरात त्याचा पाय पडायचा नाही. झाकण गोल असल्याने कसंही फिरवलं तरी भोकातून खाली पडत नसे. त्याच्यावर चांदण्या, चक्रं, पाकळ्या अशी उठावाची नक्षी असे, ती ओल्या फुटपाथवर पाय घसरू नये म्हणून.

म्हणजे रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर घराला दोन वाटा दिसत. एक चरावरून पुलासारखी जाणारी, चार पायऱ्या चढून मुख्य दाराशी पोहोचणारी. दुसरी कठड्यातल्या छोट्या फाटकातून खाली उतरणारी, नोकर, दूधवाले, मासळीवाले यांची. दोन्ही वाटा एकाच कठड्याने आखलेल्या. वरच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना कठडा उंच आणि डौलदार होत जाई. तिथे दिव्याची कमान असे, मशाल विझवायचं तुतारीच्या आकाराचं लोखंडी टोपण असे, बुटांचा चिखल खरवडायची पट्टी असे. खालच्या फाटकाला यातलं काही नसे, एक बिजागरी आणि एक कडी, बस्स.

कठडा नसता तर अंधारात माणूस चरात पडला असता. त्यामुळे त्याची गरज खरीच होती, आणि हे लक्षात ठेवायला हवं, कारण सामाजिक अर्थ शोधण्याच्या भरात साध्या गरजा विसरायला होतं. पण पडू नये म्हणून चार आडव्या पट्ट्याही चालल्या असत्या. त्याऐवजी भाल्यांची रांग उभी केली गेली.

घराच्या दर्शनी भिंतीवर तर फारसं काही करताच येत नसे. लंडनच्या १७७४ च्या इमारत कायद्याने घरांच्या आकार-किमतीनुसार श्रेणी ठरवल्या आणि आगीच्या भीतीने दर्शनी भागावरच्या लाकडी सजावटीला लगाम घातला. उरली सपाट विटांची भिंत, रांगेतल्या सगळ्यांची सारखी. मग वेगळेपण दाखवायचं कुठे? दाराच्या चौकटीत आणि लोखंडात. पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, पाहुण्यांची बैठक तिथे, म्हणून सगळ्यात नाजूक जाळीची बाल्कनी तिथे. दुसऱ्या मजल्यावर निजायच्या खोल्या, तिथे खिडकीपुरती साधी जाळी. छपराखाली नोकर झोपत, तिथे काहीच नाही. घराच्या आतली उतरंड बाहेरच्या लोखंडात अशी मजल्या-मजल्याने उतरलेली असे. तिला वाचायला अक्षरओळख लागत नव्हती.

भाला, कलश, अननस

लोखंडी कामाचे दोन प्रकार इथे वेगळे ठेवले पाहिजेत. एक घडीव, म्हणजे लोहाराने भट्टीत तापवून ऐरणीवर ठोकून आकार दिलेलं. दुसरं बिडाचं, म्हणजे वितळवून वाळूच्या साच्यात ओतलेलं. घडीव लोखंड वाकतं, चिवट असतं, त्याची पानं-वेली पातळ काढता येतात. बीड ठिसूळ असतं, घाव बसला तर तुटतं, पण एकदा लाकडी नमुना तयार झाला की त्याच्यावरून हजार नग निघतात.

सतराव्या शतकाच्या अखेरीस झां तिजू या फ्रेंच लोहाराने हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यासाठी घडीव लोखंडाचे जे पडदे केले ते आजही पाहायला मिळतात. पत्र्यातून ठोकून काढलेली पानं, मुखवटे, वेलांट्या. असं काम राजालाच परवडे. नंतर १७१४ मध्ये सेंट पॉल कॅथीड्रलभोवती बिडाचं कुंपण आलं, सिंहाचा वाटा ससेक्स-केंटच्या सीमेवरच्या लँबरहर्स्टच्या भट्टीचा. कॅथीड्रलचा वास्तुकार ख्रिस्तोफर रेन या उंच, जाडजूड कुंपणाच्या विरोधात होता, पण त्याचं चाललं नाही. लंडनमध्ये बिडाचं कुंपण एवढ्या मोठ्या प्रमाणावर उभं राहण्याचं हे पहिलंच ठळक उदाहरण.

पुढच्या शंभर वर्षांत बीड स्वस्त होत गेलं. १७५९ मध्ये स्कॉटलंडमध्ये सुरू झालेली कॅरन कंपनी शहरी घरांसाठी बाल्कन्यांच्या जाळ्या ओतू लागली. १८२४ मध्ये एल. एन. कॉटिंगहॅमने लोहार आणि ओतकाम करणाऱ्यांसाठी नमुन्यांचं पुस्तक छापलं. त्यातली ग्रीक धाटणीची पानं आणि कमळासारखी फुलं अनेक रस्त्यांवर उतरली. पुढे ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफार्लेनच्या सॅरसन फाउंड्रीसारख्या कारखान्यांनी जाडजूड कॅटलॉग काढले. नमुन्याला क्रमांक. क्रमांक कळवा, माल येईल.

टोकांवर काय बसवायचं याची निवडही त्यातूनच होई. भाला सगळ्यात जास्त. त्याखालोखाल कलश, शंकू, ज्वाळा, अननस. अननस इंग्लंडमध्ये गरम काचघरात वाढवावा लागे आणि तो फार महाग पडे, म्हणून तो सुबत्तेची आणि पाहुणचाराची खूण झाला. एकाच कठड्यावर दाराजवळ अननस आणि चराकडेला भाले, अशी मांडणी आढळते. बोलावलेल्या माणसाला एक सांगायचं आणि न बोलावलेल्याला दुसरं, हे काम कठडा एकाच वेळी करत होता. आणि भालासुद्धा नुसता टोकदार गज नसे. त्याच्या मानेला कडं, कड्याखाली पाकळ्या, कधी गोंडा. शस्त्र होतंच, पण समारंभातलं.

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथे आहे. "आत येऊ नका" हे वाक्य माणसाला तोंडावर बोलायला जड जातं आणि ऐकायला त्याहून जड जातं. नक्षी ते वाक्य बोलते, पण अशा आवाजात की ऐकणाऱ्याला ते शिष्टाचारासारखं वाटावं आणि बोलणाऱ्याला आपण रसिकच आहोत असं वाटावं. त्यात लबाडी असेल असं मला वाटत नाही. कठडा बसवणाऱ्यांना तो खरोखरच सुंदर वाटत होता आणि त्यातले कित्येक आजही सुंदरच आहेत.

(रंगाबद्दल थोडं. हे कठडे कायम काळेच होते असा समज आहे आणि व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट १८६१ मध्ये वारला तेव्हा सुतक म्हणून ते काळे केले, अशी कथाही सांगतात. कथेला आधार नाही. पण जुन्या कठड्यांवरचे थर खरवडले की काळ्याखाली हिरवे आणि राखाडी रंग निघतात, हे खरं.)

बीड स्वस्त झालं तशी नक्षी खाली झिरपली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारकून, दुकानदार, शाळामास्तर यांच्यासाठी जी घरं बांधली गेली त्यांच्यापुढे चर नव्हता, तळघर नव्हतं, नोकरांची वाट नव्हती. दारापुढे दोन पावलांची मोकळी जागा, तिच्यापुढे बुटकी भिंत आणि भिंतीवर कॅटलॉगमधला कठडा. पडण्यापासून वाचवायला तिथे काही नव्हतंच. पण तो कठडा सांगत होता की हे घर रस्त्याला उघडं नाही, दाराशी येण्याआधी इथे एक उंबरठा आहे. ज्यांच्या आईबापांनी भाड्याच्या एका खोलीत दिवस काढले त्यांच्यासाठी ही किती मोठी गोष्ट असेल, याचा विचार अभिरुचीच्या चर्चेत कुणी फारसा केला नाही.

उलट टीकाच झाली. कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४९ मध्येच बिडाच्या नक्षीवर कडक शब्दांत लिहिलं होतं: निसर्गदत्त सौंदर्यदृष्टी बिघडवण्यात हिच्याइतका हातभार दुसऱ्या कशाचा लागला नाही, असा त्याचा सूर. १८६६ मध्ये त्याने क्रॉयडनमधल्या एका नव्या दारूच्या दुकानापुढचा कठडा उदाहरणाला घेतला. भिंत आणि रस्ता यांच्यामधली दोन फुटांची निरुपयोगी फट, तिच्यापुढे भारदस्त लोखंडी कठडा, आणि आत साचलेला केरकचरा. जवळच्याच गावातला स्वच्छ पाण्याचा झरा घाणीने भरलेला असताना माणसांचे कष्ट अशा कठड्यांवर का जावेत, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न चांगला आहे. पण त्याच निकालातून एक सवय रुळली असं मला वाटतं: हाताने घडवलेलं ते कला, कारखान्यात ओतलेलं ते दिखाऊ. शंभर वर्षांनी ती सवय युद्धकाळात कामाला आली.

किल्लीची बाग

घरांइतकीच कुंपणं होती स्क्वेअर्सना. चारही बाजूंना घरं आणि मध्ये बाग, ही लंडनची खास रचना. १७२६ मध्ये सेंट जेम्स स्क्वेअरच्या रहिवाशांनी संसदेकडून कायदा करून घेतला. स्वतःवर कर बसवायचा, आवार साफ करायचं आणि बंदिस्त करायचं. पुढे इतर स्क्वेअर्सनी तोच कित्ता गिरवला. बागेला कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप आणि किल्ली फक्त भोवतालच्या घरांकडे.

या बागा शहराला हव्या होत्या, पण कुणासाठी, यावर एकमत नव्हतं. मॉर्निंग्टन क्रेसेंटच्या बागेवर १९२०च्या दशकात सिगारेटचा कारखाना उभा राहिला तेव्हा लोक हादरले आणि १९३१ मध्ये स्क्वेअर्सच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात ४६१ जागा नोंदवल्या गेल्या. कायद्याने तिथे बांधकाम करायला मनाई केली. फाटक उघडं ठेवायला मात्र सांगितलं नाही.

लोखंडी कुंपण ही वादाची जागा आहे हे लंडनला आधीच ठाऊक होतं. २३ जुलै १८६६ला मतदानाचा हक्क वाढवा अशी मागणी करणारा रिफॉर्म लीगचा मोर्चा हाइड पार्कपाशी आला. सरकारने सभेला बंदी घालून फाटकं लावून घेतली होती. गर्दी कुंपणाला रेलली, कुंपण डुलायला लागलं, लोकांनी ते हलवून हलवून आडवं केलं आणि आत शिरले. पुढच्याच वर्षी मताधिकार वाढवणारा कायदा आला. तो फक्त कुंपण पडल्याने आला असं म्हणणं चुकीचं ठरेल, पण त्या दिवसाची धास्ती सत्ताधाऱ्यांच्या मनात बसली होती.

१७ जानेवारी १९०८ला बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एडिथ न्यू आणि ऑलिव्हिया स्मिथ यांनी पंतप्रधानांच्या घराच्या कठड्याला स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. आत मंत्रिमंडळाची बैठक चालू होती. बायकांना बोलू न देता पोलीस ओढून नेत. साखळी तोडेपर्यंत त्यांना नेता येत नव्हतं आणि तेवढा वेळ बोलता येत होतं. ज्या गजांनी त्यांना बाहेर ठेवायचं तेच गज त्यांनी व्यासपीठाच्या खांबासारखे वापरले. पुढे साखळी आणि कठडा ही त्या चळवळीची ओळखच होऊन बसली.

काय वाचवायचं हे कसं ठरलं

जुलै १९४०मध्ये विमाननिर्मिती मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या खात्याने गृहिणींना ॲल्युमिनियमची भांडी द्यायचं आवाहन केलं, त्यांची विमानं करू म्हणून. भांड्यांपाठोपाठ कुंपणं. आधी स्वखुशीने, मग १९४१मध्ये बीव्हरब्रुक पुरवठा मंत्री झाल्यावर सक्तीने. कामगारांच्या टोळ्या गॅस कटर घेऊन गल्लीगल्लीतून फिरल्या. दगडाला लागून ज्योत धरायची, गज लाल होऊन सुटायचा, पुढचा. अख्खी रांग ट्रकवर.

सक्तीला दोन मुख्य अपवाद होते. सुरक्षिततेसाठी लागणारा कठडा ठेवायचा, आणि कलात्मक किंवा ऐतिहासिक मूल्य असलेला कठडा ठेवायचा. दोन्ही अपवाद वाजवी आहेत. ब्लॅकआउटच्या मिट्ट काळोखात चराचा कठडा काढला असता तर माणसं खाली पडली असती. आणि अठराव्या शतकातलं सुरेख घडीव काम भंगारात गेलं असतं तर आज आपणच हळहळलो असतो.

पण हे अपवाद रस्त्यावर कसे उतरतात ते पाहा. चर कुणाच्या घरापुढे? ज्यांच्याकडे तळघर आणि नोकर होते त्यांच्या. कलात्मक मूल्य कुठल्या कठड्याला? ज्याचं नाव वास्तुकलेच्या पुस्तकात येतं त्याला. कारकुनाच्या घरापुढचा कॅटलॉगमधला कठडा दोन्ही कसोट्यांवर नापास. म्हणून ब्लूम्सबरीच्या बड्या घरांपुढचे भाले मोठ्या संख्येने आजही जागेवर दिसतात आणि साध्या वस्त्यांमध्ये मैलोगणती ठिपके दिसतात. कुणी गरिबांच्या वाईटावर होतं असा याचा अर्थ नाही. सौंदर्याचा निकष लावला आणि निकषातच वर्ग आधीपासून मुरलेला होता. नक्षी इथे अक्षरशः ढाल ठरली, आणि ढाल त्याच्याकडेच होती ज्याला ती एरवीही मिळाली असती.

या सगळ्या लोखंडाचं काय झालं यावर पुढे बरंच बोललं गेलं. बरंचसं कधी वापरलंच गेलं नाही, बोटीत भरून थेम्सच्या मुखाशी बुडवलं, असंही लोक सांगत आले. बुडवल्याचा ठोस कागदी पुरावा पुढे आलेला नाही. लढाऊ विमानाचा सांगाडा मुख्यत्वे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, तेव्हा बागेचं कुंपण वितळवून विमान होत नाही, एवढं नक्की. या कथा इतकी वर्षं टिकल्या याचं कारण मला वेगळं वाटतं. आपल्या दारापुढचा उंबरठा कापून नेला तो कारणी तरी लागला का, हा प्रश्न ज्या माणसाने रोज ते ठिपके पाहिले त्याच्या मनातून जाणं कठीण होतं.

मोकळे स्क्वेअर

स्क्वेअर्सची कुंपणं गेल्यावर मात्र काही वेगळंच घडलं. लोक आत आले. सरळ, कुणाला न विचारता. मुलं खेळायला लागली, कामावरून परतणारे बाकांवर टेकायला लागले. कुठे भाजीचे वाफे निघाले, कुठे हवाई हल्ल्यापासून आसऱ्याचे खंदक, कुठे आगीसाठी पाण्याच्या टाक्या. बागेची माती तीच, झाडं तीच. दीडशे-दोनशे वर्षं जो भाग डोळ्यांसमोर असून पायाखाली येत नव्हता तो आला.

आणि मग १९४४च्या उन्हाळ्यात, युद्ध संपलेलं नसताना, कुंपणं परतू लागली. लोखंड मिळत नव्हतं म्हणून लाकडाची. जॉर्ज ऑर्वेलने ऑगस्ट १९४४मध्ये 'ट्रिब्यून' साप्ताहिकातल्या सदरात याची दखल घेतली. किल्लीवाल्यांना पुन्हा त्यांच्या किल्ल्या वापरता येतील आणि गरिबांच्या मुलांना बाहेर ठेवता येईल, असं त्याने सरळ लिहिलं. एका वाचकाने उलट विचारलं की खासगी मालमत्ता सगळ्यांना खुली करणं ही चोरी नाही का? ऑर्वेलचं उत्तर असं की जमीन आधी बळाने घेतली गेली आणि मालकीचे कागद नंतर वकिलांकडून तयार करून घेतले गेले.

या वादात मला सगळ्यात बोलकी वाटते ती लाकडी फळी. हेच कुंपण लोखंडाचं होतं तेव्हा ते कुणाला फारसं खुपलं नव्हतं. निदान इतक्या उघडपणे त्याबद्दल लिहिलं जात नव्हतं. ते शहराचा भाग होतं, चित्रात रंगवलं जात होतं, त्याच्या भाल्यांच्या सावल्या फुटपाथवर पडत होत्या. त्याच जागी, त्याच उंचीची, त्याच कामाची फळी ठोकली आणि लोकांना ती सहन होईना. मधल्या काही वर्षांत आत जाऊन बसायची सवय झाली होती, हे एक कारण आहेच. पण दुसरंही आहे. फळीला पाकळ्या नव्हत्या, कलश नव्हता. ती काय सांगते ते झाकायला तिच्यावर काहीच नव्हतं.

स्ट्रेचरचं कुंपण

दक्षिण लंडनमधल्या पेकम, ब्रिक्स्टन, डेप्टफर्ड, ओव्हल या भागांतल्या नगरपालिका वसाहतींपुढे एक विचित्र कुंपण दिसतं. काळ्या रंगाची लांबट चौकट, आत तारेची जाळी, आणि वरच्या-खालच्या नळीला दोन्ही टोकांजवळ बाक. हे कुंपण म्हणून बनवलेलंच नव्हतं. हे युद्धातले स्ट्रेचर आहेत.

हवाई हल्ल्यात जखमी होणाऱ्यांसाठी सुमारे ६,००,००० स्ट्रेचर तयार केले गेले होते. कापडाऐवजी जाळी, कारण विषारी वायूचा हल्ला झाला तर पाण्याने धुऊन पुन्हा वापरता यावेत. नळीचा बाक म्हणजे स्ट्रेचरचे पाय: जमिनीवर ठेवला की जखमी माणूस वर राहील आणि उचलणाऱ्याची बोटं नळीखाली जातील. युद्ध संपलं, स्ट्रेचर उरले, आणि लंडन काउंटी कौन्सिलच्या वसाहतींना कुंपणं हवी होती. स्ट्रेचर आडवे धरून खांबांमध्ये जोडून टाकले.

या कुंपणावर एकही नक्षी नाही. तरीही मला ते या प्रकरणातलं सगळ्यात अर्थपूर्ण लोखंड वाटतं. बाकाचा तो वळसा सौंदर्यासाठी काढलेला नाही, पण रांगेत एकामागोमाग आला की लय धरतो, आणि तो कशासाठी होता हे कळलं की त्याच्यावरून हात फिरवावासा वाटतो. काही वसाहतींत ते गंजून गेले म्हणून काढून टाकले गेले. काही ठिकाणी रहिवासी आणि हौशी अभ्यासक ते टिकवायच्या मागे लागले आहेत. १९४१च्या निकषांवर यांना कुणी कलात्मक म्हटलं नसतं.

गज परत येतात तेव्हा

काही कुंपणं पुढे खरोखर उघडली. सोहो स्क्वेअर १९५४मध्ये लोकांसाठी खुला झाला. बेडफर्ड स्क्वेअर, बेलग्रेव्ह स्क्वेअर अजून किल्लीवाल्यांचेच आहेत, आणि १९९८पासून वर्षातल्या एका शनिवार-रविवारी अशा अनेक बागा पाहायला मिळतात.

नक्षीचं जुनं काम मात्र चालूच आहे. १९८९मध्ये दहशतवादी हल्ल्यांच्या धोक्यामुळे डाउनिंग स्ट्रीटच्या तोंडाशी भक्कम पोलादी फाटकं बसवली गेली. ती अठराव्या शतकातल्या कठड्याच्या थाटाची, काळी, भालेदार आहेत. पर्यटक त्यांच्यापुढे फोटो काढतात. २०१४च्या जूनमध्ये सदर्कमधल्या एका निवासी इमारतीच्या दारालगत जमिनीत पोलादी खुंट्या ठोकल्या गेल्या, कुणी बेघर माणसाने तिथे पथारी पसरू नये म्हणून. संतापाची लाट आली आणि काही दिवसांत त्या काढाव्या लागल्या. संताप योग्यच होता. पण बोटभर खुंट्यांनी जे सांगितलं तेच पुरुषभर उंचीचे भाले शतकानुशतकं सांगत आलेत. तिथे मानेला पाकळ्या होत्या, इथे नव्हत्या.

आता जुन्या घरांपुढे गज परत बसवले जातात. नीट केलेलं काम कसं ओळखायचं, तर पुन्हा खाली बघायचं. प्रत्येक गज आपापल्या खाचेत वेगळा उभा असेल आणि त्याच्याभोवती शिशाचं कडं असेल तर काम जुन्या रीतीचं. दोन खांबांच्या मध्ये वेल्डिंग केलेली आख्खी चौकट टांगली असेल आणि गज दगडाला न टेकता इंचभर वर संपत असतील तर ते कारखान्यातून आणलेलं तयार पॅनेल. पहिलं काम महाग पडतं, कारण प्रत्येक खाच हाताने साफ करावी लागते, जुन्या गजाचा उरलेला तुकडा कोरून काढावा लागतो, टोकांचे साचे शेजारच्या वाचलेल्या कठड्यावरून घ्यावे लागतात. म्हणून ते कुठल्या रस्त्यांवर होतं आणि कुठल्या नाही, हेही पुन्हा तसंच वाचता येतं.

जिथे गज परत आले नाहीत तिथे बुटक्या भिंती तशाच आहेत. बसची वाट पाहणारे त्यांच्यावर टेकतात, मुलं त्यांच्यावरून तोल सांभाळत चालतात, कुणी पिशवी ठेवून चपलेचा पट्टा नीट करतं. बसायच्या जागेवर ठिपके झिजून गुळगुळीत झाले आहेत.